सावलीत मोजलेलं ऊन

वाळ्याच्या ताट्या रस्त्याच्या कडेला विकायला आल्या की मला राग यायला लागतो. आधी असं नव्हतं. आधी तो वास नाकात शिरला की बरं वाटायचं. कूलर धुवायचा, जुनी ताटी काढून नवी बसवायची, पंप चालतो का पाहायचं आणि पहिला गार झोत अंगावर घेत डोळे मिटून उभं राहायचं. आता त्या वासाबरोबर एक चेहरा आठवतो, चेहऱ्यासमोर धरलेला एक फोन आठवतो आणि फोनवरचा आकडा आठवतो. मग मी ताटीवाल्याशी उगाच भावावरून भांडते. त्याचा काही दोष नसतो.

राग उन्हाचा नाही. ऊन आमच्या घरचंच. माझं माहेर खापा. कन्हान नदीच्या पात्रात उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या लागायच्या. दुपारी वाळू तापली की आम्ही पोरं वेलांच्या पानांवर पाय देत, उड्या मारत पाण्यापर्यंत जायचो. आई ओरडायची. पण तिच्या ओरडण्यात भीती नसायची, कारण दुपार म्हणजे घरात राहायची वेळ हे माणसांना, गुरांना, कुत्र्यांनाही ठाऊक होतं. बारा वाजले की गाव मिटायचं. ऊन किती अंश आहे हे कुणी विचारायचं नाही. जमिनीवर पाय ठेवला की कळायचं.

लग्न होऊन शहराच्या कडेच्या वाडी या वस्तीत आले, तेव्हा कळलं की शहरात दुपार मिटत नाही. अमरावती रोडवर ट्रक चालूच असतात. गोदामांची शटरं उघडीच असतात. डांबर मऊ होतं, त्यावर टायरांचे ठसे उमटतात आणि त्या ठशांतून माणसं डबे घेऊन कामावर जातात.

माझी नणंद वंदना त्यातलीच एक. माझ्याहून लहान. नवऱ्याचं घर सोडून आली, ती रडत आली नाही. पेटी खाली ठेवली आणि भावाला म्हणाली, "दादा, वरची खोली मले दे. भाडं देईन." माझे मिस्टर म्हणाले, वेडी का तू. ती म्हणाली, वेडीच म्हण, पण भाडं घेशील. महिन्याभरात ती जवळच्या एका पार्सलच्या गोदामात लागली. येणाऱ्या खोक्यांवरचे पत्ते पाहून गावांप्रमाणे वेगळे करायचे, असं काम. मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे मे महिन्यात मी घरी असते आणि ती कामावर. त्या उन्हाळ्यात सकाळचा एक तास मात्र आम्हा दोघींचा होता.

तो तास रेडिओनं जोडला. एका पहाटे आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. गव्हाचा चीक शिजवून झाला होता, वंदना सोऱ्या फिरवत होती, मी धोतराच्या जुन्या कापडावर वेटोळी सरळ करत होते. उन्हं चढायच्या आत काम उरकायचं होतं. सासऱ्यांचा जुना रेडिओ कठड्यावर ठेवलेला होता. गाणी लागेनात म्हणून मी चिकट बोटांनी बटण फिरवलं, तर एका बाईंचा आवाज आला. वयस्कर, जरासा खरखरीत, पण हसू दाबून बोलणारा.

"तुमच्या हातात बांगड्या असतील तर जरा पाहा," त्या म्हणत होत्या. "माप काय? दोन-चार? दोन-सहा? दोन-आठ? आता सांगा, दोन काय आणि सहा काय?"

वंदनाचा सोऱ्या थांबला.

बाईंनी सांगितलं की दोन म्हणजे दोन इंच, आणि सहा म्हणजे इंचाच्या सोळा भागांतले सहा. रुपयाचे सोळा आणे व्हायचे, तसे इंचाचे सोळा तुकडे. रुपयातून आणे गेले, पण बायकांच्या मनगटावर ते सोळा भाग अजून राहिले आहेत. म्हणून दोन-आठ म्हणजे अडीच इंच. बांगडीच्या आत पट्टी आडवी धरून बघा.

वंदनानं चिकाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. "काय वं वहिनी, जलमभर दोन-सहा दोन-सहा म्हणत आलो. काहून म्हणतो थे कोणी विचारलंच नाही." मग खाली जाऊन माझ्या शाळेच्या पिशवीतली पट्टी घेऊन आली. बांगडी काढली, मापली, आणि लहान मुलीसारखी हसली. त्या दिवशीच्या निम्म्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या.

कार्यक्रमाचं नाव होतं 'हिशोबाबाहेर'. रोज सकाळी, वंदना निघायच्या आधी लागायचा. मी गणित शिकवते, पण असं गणित मला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारणीच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या सारख्या का नसतात, यावर त्या एकदा बोलल्या. एकदा लिफ्टवर बोलल्या. आत लिहिलेलं असतं, आठ माणसं. म्हणजे कुणीतरी एका माणसाचं वजन ठरवून टाकलेलं असतं. तो माणूस कोण, तो तुम्हाला कधी भेटलाय का, असं त्यांनी विचारलं. प्रत्येक भागाच्या शेवटी त्या एकच गोष्ट सांगायच्या: आकडा समोर आला की त्याच्या पाया पडू नका. आधी त्याला विचारा, बाबा, तुला कुठं उभं राहून मोजलं, कशानं मोजलं आणि कोणासाठी मोजलं?

वंदना ते ऐकून गोदामात जायची आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगायची. रजनी नावाची तिची मैत्रीण होती. ती संध्याकाळी आमच्या फाटकाशी थांबून मला म्हणायची, "वहिनी, उद्याचं ध्यान देऊन आयका. वंदनी अर्धं विसरते आन् अर्धं मनानं सांगते." मला ते दिवस अजून आवडतात. म्हणूनच पुढचं आठवताना जास्त राग येतो.

गोदाम म्हणजे पत्र्याची मोठी शेड. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं, एका टोकाला ट्रक लागायचे तेवढी उघडी बाजू. दुपारी ट्रक लागला की तीही बंद. आत पंखे होते, पण ते तापलेली हवाच इकडून तिकडे ढकलायचे. मॅनेजरची केबिन काचेची होती आणि तिच्यात एसी होता. केबिनबाहेर एक कागद चिकटवला होता. तापमान पंचेचाळीस अंश किंवा त्याहून जास्त झाल्यास दुपारी तीन तास काम बंद राहील. मॅनेजरला या कागदाचा अभिमान होता. आजूबाजूच्या गोदामांत एवढंही नव्हतं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

रोज बाराच्या सुमारास बायका केबिनपाशी जायच्या. तो दार अर्धं उघडून फोन पुढे धरायचा. "चव्वेचाळीस. देखो. मी लिहिला काय हा आकडा?" आणि दार बंद. दार उघडलं की आतली गार हवा बायकांच्या पायांवर यायची. वंदना म्हणायची, त्या तेवढ्या हवेसाठीच आम्ही रोज विचारायले जातो.

मग एका सकाळी रेडिओवरच्या बाईंनी तापमानाचा भाग केला. मी पोळ्या करत होते, वंदना डबा भरत होती. बाईंनी सांगितलं की शहराचं तापमान मोजायचं यंत्र एका पांढऱ्या लाकडी पेटीत असतं. पेटीला झडपा असतात, म्हणजे आत वारा खेळतो. पेटी मोकळ्या जागेत, गवतावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर उभी करतात. तिचं दार उत्तरेला ठेवतात, कारण पारा वाचताना आत ऊन शिरायला नको. "आकडा अगदी खरा असतो," त्या म्हणाल्या. "पण तो सावलीतल्या, वाऱ्यातल्या, गवतावरच्या हवेचा असतो. तुम्ही जिथं उभ्या आहात तिथला तो असेलच असं नाही."

वंदनाच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे आमचा आकडा कोणी मोजलाच नाही."

त्या दिवशी तिनं हे मॅनेजरला सांगितलं. तिनं सांगितलं म्हणजे भांडली नाही. साहेब, तुमचा आकडा गवतावरच्या पेटीतला आहे, इथं पत्र्याखाली जास्त आहे, असं म्हणाली. तो हसला. "रेडिओ ऐकून राहिली का तू कामावर?" ती म्हणाली, घरी ऐकते. तो म्हणाला, "मग घरीच राह न."

पुढच्या आठवड्यात रजनीचा फोन आला. भर दुपार होती. तिला नीट बोलता येत नव्हतं. एवढंच कळलं की वंदना पडली. मी ओढणी तोंडाला बांधली आणि पळाले. रस्त्यावर ऑटो मिळाला. गोदामापाशी पोहोचले तेव्हा बायकांनी तिला दोन ट्रकांच्या मधल्या सावलीच्या पट्ट्यात, उघडलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर झोपवलं होतं. रजनी तिच्या तोंडावर पाणी मारत होती. मी हात लावला आणि दचकले. अंग तव्यासारखं, आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते, पण ती मला पाहत नव्हती. "ट्रक आला, ट्रक आला," एवढंच पुटपुटत होती.

मॅनेजर केबिनच्या दारात उभा होता. त्याच्या हातात फोन होता. तो ॲम्ब्युलन्सला लावत असेल असं मला वाटलं. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "पाहा ताई. आजही चव्वेचाळीस. आमची काही चूक नाही."

एवढ्या वर्षांत मला इतका राग कधी आला नव्हता. पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. आम्ही तिला उचलून ऑटोत घातलं. रजनीनं पाण्याची कॅन बरोबर घेतली आणि वाटभर तिच्या डोक्यावर, गळ्यावर ओतत राहिली. ऑटोवाल्यानं काही न विचारता सिग्नल तोडले. दवाखान्यात नर्सनं काखेत आणि मानेशी बर्फ ठेवला, ओल्या चादरी टाकल्या, वर पंखे लावले. शुद्धीवर आहे का पाहायला तिनं वाकून विचारलं, "नाव काय तुमचं? बाई, नाव सांगा." वंदनानं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "दोन-सहा."

नर्सला काही कळलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

वंदना वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं. पण वाचली म्हणजे जशी होती तशी घरी आली, असं नाही. मूत्रपिंडांना त्रास झाला होता, बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी आल्यावर कप धरताना हात थरथरायचा. पट्टीवर बांगडी मापणारे तेच हात. चालता चालता शब्द विसरायची आणि त्याचा तिला राग यायचा. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तसल्या उष्णतेत काम करायचं नाही.

मॅनेजर भेटायला आला. मोसंबी घेऊन आला. खुर्चीवर बसून माझ्या मिस्टरांना सांगू लागला, "घरून न खाता आली असंल. बायका डबा खात नाहीत, पाणी पीत नाहीत. आम्ही त काळजी घेतो. नियम केला न आम्ही." कॉटवरून वंदना त्याच्याकडे पाहत होती. तिला पटकन शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली, "पाणी प्यायले जाऊ दिलं काय तुमी?" तो उठला. मोसंब्या मी त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत नेऊन परत दिल्या.

माझा राग कशाचा होता, ते त्या दिवसांत हळूहळू कळलं. चव्वेचाळीस हा आकडा खोटा असता तर बरं झालं असतं. खोट्याला पकडता येतं. हा आकडा खरा होता, आणि खरा असूनच तो माझ्या नणंदेच्या अंगावर उभा होता. आमच्याच शाळेत मी पोरांना सांगते की गणितात लबाडी नसते. गणितात नसेलही. पण गणित हातात घेऊन दारात उभा राहणारा माणूस लबाड असू शकतो, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. त्या सबंध शेडमध्ये पंचेचाळीस हा आकडा कुणाच्या अंगावरून ठरवला होता? वंदनाच्या? रजनीच्या? की केबिनमधल्या खुर्चीच्या?

मी लकडगंजच्या बाजारात जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर आणला. साधाच, काचेच्या नळीचा. रजनीनं तो शेडच्या मधल्या खांबाला बांधला. दुपारी पारा पन्नासच्या वर गेला. मॅनेजरनं तो दोरीसकट काढला आणि म्हणाला, "ये ऑफिशियल नहीं है." त्या संध्याकाळी रजनी आणि बाकी बायका आमच्या घरी आल्या. चहा झाला. वंदना उशीला टेकून ऐकत होती. कुणीतरी म्हणालं, तक्रार करू. कुणीतरी म्हणालं, काम जाईल. मग वंदना म्हणाली, "त्याले आत बसवा. बाकी काहीच नोका करू. त्याले फक्त आत बसवा."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बायका फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. मीही गेले होते. बाहेर ट्रक उभे, आत माल पडलेला. मॅनेजर बाहेर आला. आधी ओरडला, मग समजावू लागला. रजनी उठली. "साहेब, आमी येतो आत. एकच अट. तुमची खुर्ची शेडच्या मधात ठेवा आन् आमच्यासंगं बसा. चव्वेचाळीसच आहे न? चव्वेचाळीसात बसायले काय होते?"

ट्रकवाले हसायला लागले. तो चिडला आणि चिडूनच त्यानं खुर्ची आणवली. शेडच्या मध्यभागी बसला, फोन मांडीवर ठेवला. बायका आत गेल्या आणि मुकाट्यानं कामाला लागल्या. मी उघड्या बाजूला उभी होते. तिथूनही आतली झळ तोंडावर येत होती. थोड्या वेळानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. तो रुमालानं मान पुसू लागला. हट्टानं बसून राहिला. मग कुणाला तरी फोन लावायला म्हणून त्यानं फोन उचलला आणि त्याच्याकडे नुसता बघत राहिला. रजनी जवळ होती. तिनं वाकून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं. फोन फार तापला आहे, थंड झाल्यावरच चालू होईल, असा निरोप पडद्यावर आला होता.

"पाहा," रजनी म्हणाली. "फोनले सुट्टी भेटली."

कुणी हसलं नाही. ती हसायची गोष्ट नव्हती. सगळ्या जणी हातातलं खोकं ठेवून त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तो उठला आणि केबिनकडे गेला. पण त्या दिवशी दुपारभर शेड बंद राहिली. नंतर सकाळची पाळी लवकर सुरू झाली, दुपार मोकळी झाली, पाण्याच्या कॅन मधोमध आल्या. केबिनबाहेरचा कागद मात्र कुणी काढला नाही. पुढं कधीतरी तो वाऱ्यानं गेला.

ही जीत आहे असं मला म्हणता येत नाही. एक बाई अर्धी मोडल्यावर जे मिळतं त्याला जीत कसं म्हणायचं? त्याच रस्त्यावर दुसरी गोदामं आहेत, तिथं दुसरे मॅनेजर आहेत, दुसरे फोन आहेत. रेडिओवरचा कार्यक्रम पावसाळ्याआधीच बंद झाला. का, ते कळलं नाही. एका सकाळी त्या जागी कुणीतरी कूलरच्या जाहिराती आणि गाणी लावली. मी कितीतरी दिवस बटण फिरवत बसायचे. त्या बाई कोण, कुठल्या, मला अजून माहीत नाही. त्यांच्यावरही कधी कधी चिडते. इतकं शिकवून असं मधेच कसं जायचं.

आता पुन्हा ऊन चढलंय. वर्तमानपत्रात रोज चौकटीत आकडा येतो आणि लोक तो मिरवतात. काल आपण देशात पहिले होतो म्हणे. शाळेत सहशिक्षिका मोठ्या कौतुकानं बोलतात. मी वर्ग सोडून पाणी प्यायला जाते. वंदना आता घरीच शिवणकाम करते. हाताचा कंप बराच कमी झालाय, सुई ओवायला मात्र माझी मदत लागते. तिची वरची खोली मधल्या भिंतीनं दोन झाली आणि शेजारी एक भाडेकरू जोडपं आलंय. बायकोचं नाव संगीता. काटोलकडची. तिला पलीकडच्या गोदामात काम लागलं.

आज सकाळी ती पहिल्यांदाच निघाली होती. नवी ओढणी, नवा डबा. जिन्यात वंदनाला पाहून थांबली. "ताई, लय तापते म्हणतात तिथं. खरंच काय? किती जाते?"

वंदनानं शिवायचं कापड मांडीवर ठेवलं. मला वाटलं ती आकडा सांगेल. सांगायला तिच्याकडे होता.

"किती जाते थे कोणालेच नोको विचारू," ती म्हणाली. "पाणी पीत जाय, कोणी रागावलं तरी. आन् घाम यायचा बंद झाला न, तर तिथून निघजो. हातातलं खोकं जिथल्या तिथं टाकजो. कोणाले सांगत नोको बसू, कोणाची परवानगी नोको घेऊ. बाहेर सावलीत येजो आन् मले फोन करजो. मी येतो."

संगीता मान हलवून हसली, नव्या माणसाला हसायला येतं तशी. चार पायऱ्या उतरली.

"हसू नोको," वंदना वरून म्हणाली. तिचा आवाज जिनाभर घुमला. "मी काय म्हणलं थे परत सांग मले. तोंडानं सांग. मंगच जाय."

संगीता पायरीवर थांबली, वर वळली आणि एकेक शब्द परत सांगू लागली.